मोठ्या माणसांचा रात्रीचा वर्ग, नागपूर: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

उत्तर नागपुरातल्या आमच्या वस्तीत रात्री वाचन-लेखनाचा वर्ग चालतो, शाळेत कधी न गेलेल्या किंवा दुसरी-तिसरीतून सुटलेल्या मोठ्या माणसांचा. त्याबद्दल तेच तेच प्रश्न येत राहतात आणि ते यायलाच पाहिजेत, म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय. ज्याला वाचता येत नाही तो हे स्वतः वाचणार नाही हे उघड आहे, तर तुम्ही वाचून राहिले असाल तर घरातल्या, कामावरच्या, शेजारच्या अशा माणसाला हे मोठ्यानं वाचून दाखवा.

माझं वय पंचावन्न झालं, मले आता काय येते बाप्पा?

येतं. वयाची वरची अट कुठंच नाही. केंद्र सरकारचा सध्याचा जो कार्यक्रम आहे, उल्लास नवभारत साक्षरता कार्यक्रम, तो १५ वर्षं आणि त्याच्या पुढच्या सगळ्यांसाठी आहे, मग पंचावन्न असो की ऐंशी. ठाणे जिल्ह्यात मुरबाडजवळ फांगणे गावात २०१६ च्या महिला दिनाला आजीबाईंची शाळाच सुरू झाली, साठीच्या पुढच्या आज्या गुलाबी साडी नेसून दप्तर घेऊन वर्गात बसल्या. आणि लांब कशाला जायचं, आपल्या नागपुरातल्या जाईबाई चौधरी आधी हमाली करून पोट भरत होत्या, त्याच पुढं शिक्षिका झाल्या आणि १९२२ मध्ये त्यांनी इथं मुलींसाठी शाळा काढली.

एक खरं सांगतो, मोठ्या माणसाचा हात लवकर वळत नाही, पेन्सिल घट्ट धरतात, पहिले काही दिवस बोटं दुखतात. पण लहान मुलापेक्षा एक गोष्ट त्यांच्याकडं जास्त असते, शब्द. हजारो शब्द डोक्यात तयार आहेत, अर्थासकट, फक्त ते कागदावर कसे दिसतात तेवढंच शिकायचंय.

मला सही येते, मग मी साक्षर झालोच ना?

नाही, आणि हा गैरसमज फार नुकसान करतो. जनगणनेत साक्षर कोणाला म्हणतात, तर ७ वर्षं किंवा त्याच्या वरच्या ज्या माणसाला कोणत्याही एका भाषेत समजून वाचता येतं आणि लिहिता येतं त्याला. समजून हा शब्द महत्त्वाचा आहे. आमच्याकडं एक काकू आल्या होत्या, सही एकदम झोकदार, खाली रेघ मारून दोन टिंबं पण द्यायच्या. त्यांच्या नावात 'ल' आहे, तोच 'ल' आम्ही 'लसूण' या शब्दात दाखवला तर ओळखू येईना, कारण सही त्यांनी रांगोळीसारखी पाठ केली होती, कुठून सुरू करायची, कुठं वळवायची. अशी सही करणारा माणूस कर्जाच्या कागदावर, कोऱ्या स्टॅम्प पेपरवर, कुठंही सही करतो, आणि समोरचा म्हणतो, सही केली म्हणजे वाचलंच असेल. अंगठा लावणाऱ्याला निदान कोणी तरी वाचून दाखवतं. म्हणून सही शिकवून आम्ही थांबत नाही, आणि कोणी "दहा दिवसांत सही शिकवतो" म्हणून साक्षरता झाली असं सांगत असेल तर मानू नका.

नागपूर तर शिकलेलं शहर आहे, इथं कोणाला गरज आहे?

२०११ च्या जनगणनेत नागपूर जिल्ह्याची साक्षरता ८८ टक्क्यांच्या वर होती, राज्याची ८२ च्या वर, म्हणजे आपण पुढं आहोतच. पण तेव्हा जिल्ह्याची लोकसंख्या ४६ लाखांच्या वर होती, त्यातल्या सात वर्षांवरच्या माणसांपैकी उरलेले जवळजवळ बारा टक्के म्हणजे किती माणसं होतात ते बघा. आणि ते सगळीकडं सारखे पसरलेले नाहीत, ते एकेका वस्तीत, एकेका धंद्यात गोळा झालेले आहेत: घरकाम करणाऱ्या बाया, बिल्डिंगच्या साईटवर छत्तीसगड-मध्यप्रदेशातून आलेले मजूर, कळमन्याच्या बाजारातले हमाल, कचरा वेचणाऱ्या बाया. चांगल्या टक्केवारीमागं हे लोक दिसतच नाहीत.

फी किती आहे?

एक रुपया पण नाही. पुस्तक, वही, पेन्सिल सगळं मिळतं. शिकवणारे पण मानधन घेत नाहीत, उल्लासमध्ये सगळं काम स्वयंसेवकांवरच चालतं. कोणी नोंदणीचे पैसे मागितले तर देऊ नका.

वर्ग किती वाजता असतो?

साडेआठ ते दहा, विहाराच्या हॉलमध्ये. लोक म्हणतात एवढ्या रात्री काहून. कारण आमच्याकडं येणाऱ्या बाया सकाळी सहाला घर सोडतात, चार-पाच घरची धुणीभांडी, दुपारी स्वतःच्या घरचं, संध्याकाळी परत दोन घरं, मग स्वयंपाक, जेवणं, आणि तेव्हा कुठं त्या मोकळ्या होतात. दुपारी चारला शाळेच्या खोलीत वर्ग ठेवला की कागदावर नावं भरपूर दिसतात आणि सतरंजी रिकामी राहते, मी हे जागोजागी बघितलंय. माझं तर स्पष्ट मत आहे की साक्षरतेचे अर्धे वर्ग पुस्तकामुळं नाही, वेळेमुळं बंद पडतात. वेळ शिकवणाऱ्याच्या सोयीची ठेवली तर तो वर्ग शिकवणाऱ्यासाठीच चालतो.

हिंगणा एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांची अडचण वेगळी आहे, त्यांची शिफ्ट बदलत राहते. त्यांच्यासाठी रविवारी सकाळी एक जास्तीचा वर्ग ठेवलाय, आठवड्यात जे झालं तेच परत घेतो.

नोंदणी कुठं करायची, कागदपत्रं काय लागतात?

जवळच्या शाळेत. मनपाची असो की जिल्हा परिषदेची, मुख्याध्यापकांना जाऊन भेटा आणि सांगा की उल्लासमध्ये नाव घालायचंय. शाळाच या कार्यक्रमाचं केंद्र असते, शिकणारे पण तिथंच नोंदवतात आणि शिकवणारे पण, ॲपवर. राज्यात हे काम शिक्षण संचालनालय (योजना) बघतं आणि जिल्ह्यात शिक्षणाधिकारी (योजना). नाव, वय, पत्ता, मोबाईल नंबर एवढं सांगायचं, ओळखपत्र सोबत ठेवलं तर बरं. आधार कार्डावर नावाची चूक असेल, आणि खूप जणांच्या असते कारण समोरच्यानं जे टाईप केलं ते त्यांना वाचताच आलं नव्हतं, तर शाळेत सांगताना कार्डावर जसं आहे तसंच सांगा आणि दुरुस्ती वेगळी करून घ्या.

आमच्या वर्गाला मात्र नोंदणी नसली तरी चालते. आधी या, बसा, बघा.

परीक्षा असते म्हणतात, नापास झालो तर?

भीती इथंच असते. पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञान चाचणी असं तिचं नाव आहे. महाराष्ट्रात उल्लासची पहिली चाचणी १७ मार्च २०२४ ला झाली. पेपर १५० मार्कांचा, वाचन ५०, लेखन ५०, संख्याज्ञान ५०, वेळ तीन तास. प्रत्येकात ३३ टक्के म्हणजे १७ मार्क पडले की झालं, प्रमाणपत्र मिळतं. कमी पडले तर निकालात नापास लिहीत नाहीत, "सुधारणा आवश्यक" लिहितात आणि पुढच्या वेळी परत बसता येतं. पेपर मराठीतच द्यावा लागतो असं नाही, हिंदी-उर्दूतही देता येतो.

घरच्यांना एक विनंती. परीक्षेच्या दिवशी त्यांना शाळेपर्यंत सोडायला जा. नातवाला सोडतो तसं आजीला सोडून या. बेंचवर बसताना हात थरथरतात हो, मार्कांपेक्षा त्या खोलीत शिरणं जास्त कठीण असतं.

प्रमाणपत्र मिळालं की पाचवी पास समजायचं का?

नाही. ते वाचता-लिहिता येतं आणि हिशोब येतो याचं प्रमाणपत्र आहे, इयत्तेचं नाही. नोकरीच्या फॉर्मवर इयत्ता मागितली तर ते चालणार नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं, नाही तर माणूस फार हिरमुसतो.

इयत्तेसाठी पुढचे रस्ते आहेत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची, म्हणजे एनआयओएसची, मोठ्यांसाठी तीन पातळ्यांची परीक्षा असते: पहिली तिसरीच्या बरोबरीची, दुसरी पाचवीच्या, तिसरी आठवीच्या. त्याच्या पुढं तिथूनच दहावी-बारावी पण देता येते. आपल्या राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ पण आहे. आणि जे आठवी-नववीत शाळा सोडून कामाला लागले त्यांच्यासाठी जुना ओळखीचा रस्ता आहेच, १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसायचं. त्याला शाळा सोडल्याचा दाखला लागतो, तो घरी सापडत नाही हे ठरलेलंच, म्हणून तारखा जाहीर व्हायची वाट न बघता आधीच जुन्या शाळेत जाऊन काढून आणा.

सोळा-सतरा वर्षांच्या पोरापोरींचं मला जास्त वाटतं. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयापर्यंतच्या मुलांसाठी आहे, त्याच्या पुढं शाळा सुटली तर घरी बोलवायला कोणी येत नाही. त्यांना आमच्याकडं पाठवा, बेसिक पक्कं करून मुक्त विद्यालयाच्या फॉर्मपर्यंत आम्ही सोबत येतो.

मी ऑटो चालवतो. लायसन्ससाठी आठवी पास पाहिजे ना?

आता नाही. आधी व्यावसायिक वाहनासाठी आठवी पासची अट होती, २०१९ मध्ये केंद्रानं ती काढून टाकली. पण अट गेली म्हणून वाचनाची गरज गेली असं नाही. ऑनलाइन चलान आलं तर त्यात काय लिहिलंय हे दुसऱ्याला विचारत फिरावं लागतं.

मला मराठी बोलता येतं पण घरी हिंदी आहे, कोणत्या भाषेत शिकू?

ज्या भाषेत तुम्ही भांडता त्या भाषेत. खरंच, तीच सगळ्यात पक्की असते. नागपुरात एका सतरंजीवर मराठी, हिंदी, छत्तीसगडी, गोंडी बोलणारे बसतात, आणि मराठी-हिंदीची लिपी एकच असल्यामुळं सुरुवातीचं काम सोबत होऊन जातं, फक्त 'ळ' मराठीवाल्यांना जास्तीचा शिकवावा लागतो. उर्दू वाचायचं असेल तर आमच्याकडं शिकवणारा सध्या नाही, मनपाच्या उर्दू शाळेत विचारा.

तुम्ही अ अननसाचा पासून सुरू करता का?

नाही. चाळीस वर्षांच्या माणसाला अननस आणि ऐरण वाचून काय करायचंय. आम्ही त्यांच्या रोजच्या रस्त्यावरून सुरू करतो. पहिल्या दिवशी फळ्यावर लिहितो 'सदर'. सदर हा शहरातला भाग नागपूरकराला माहीत आहे, आणि या शब्दात ना काना ना मात्रा ना वेलांटी, सरळ तीन अक्षरं. ती तीन आली की त्यातूनच 'दर' होतो, 'सर' होतो, 'रस' होतो. म्हणजे पहिल्याच रात्री माणूस चार शब्द वाचून घरी जातो, आणि 'दर' तर भाजीवालीच्या कामाचा शब्द. मग 'नळ', 'घर', 'बस', 'कर'. मग काना आला की 'कळमना', 'महाल'. मग वेलांट्या, तेव्हा 'इतवारी' येतं. मात्रा आली की 'गणेशपेठ'. 'बर्डी' मात्र शेवटी ठेवतो, कारण रफार फार त्रास देतो, र म्हणायचा आधी आणि काढायचा पुढच्या अक्षराच्या डोक्यावर, हे बसायला वेळ लागतो. घाई करत नाही.

आणि वर्गाबाहेर वाचायला लावतो. बसची पाटी, मेट्रो स्टेशनचं नाव, औषधाच्या दुकानाचा बोर्ड. एक मावशी रोज ज्या बसनं कामाला जायच्या तिचा रंग आणि कंडक्टरचा चेहरा बघून चढायच्या, आता पाटी वाचतात. चढायच्या आधी मान वर करून ओठातल्या ओठात जुळवतात, मागचे लोक ढकलतात तरी पूर्ण वाचूनच चढतात.

हिशोब तर मला तोंडी येतो, आकडे कशाला?

बरोबर आहे, कॉटन मार्केटच्या बाईला तोंडी हिशोबात हरवणारा शिकलेला माणूस मी बघितला नाही. वर्गात आम्ही तिला बेरीज शिकवत नाही, तिच्या डोक्यातली बेरीज कागदावर उतरवायला शिकवतो. अडचण कुठं येते, तर आपण 'पंचवीस' बोलताना पाच आधी म्हणतो आणि लिहिताना दोन आधी, त्यामुळं २५ चे ५२ होतात. एकोणतीस, एकोणसाठ हे तर अजून कठीण, तीस ऐकू येतं म्हणून ३ लिहून टाकतात. यासाठी आम्ही खऱ्या नोटा घेऊन बसतो, दोन दहाच्या नोटा डाव्या बाजूला, पाच सुटे उजव्या बाजूला, मग लिहायचं. मराठी आकडे आणि मोबाईलवरचे इंग्रजी आकडे दोन्ही शिकवतो, कारण एटीएम, रेशनची पावती, गॅसचा नंबर सगळीकडं इंग्रजीच आहेत.

पाटीवरचं दिसतं पण पुस्तकातलं दिसत नाही, डोकं दुखतं.

हे डोक्याचं नाही, डोळ्यांचं आहे. चाळिशीनंतर जवळचं दिसायला कमी होतं, वाचणाऱ्याला ते लगेच कळतं पण जो कधी वाचतच नव्हता त्याला कळणार कसं. मग ते म्हणतात, मले जमत नाही, आणि यायचं बंद करतात. आमचा नियम आहे, चाळीसच्या वरचा कोणी आला की आधी चष्म्याची तपासणी. मेडिकल किंवा मेयो या सरकारी दवाखान्यांच्या डोळ्यांच्या ओपीडीत सकाळी लवकर जा, एकटं जायची हिंमत होत नसेल तर आमच्यातलं कोणी तरी सोबत येईल. सुई ओवायला नातीला बोलवावं लागत असेल तर समजून जा की चष्मा पाहिजे.

घरचे नको म्हणतात.

बायांच्या बाबतीत हे होतं. नवरा म्हणतो आता शिकून कलेक्टर होणार आहे का, सासू म्हणते रात्री बाहेर कशाला. वाद घालू नका, पहिल्यांदा सासूलाच घेऊन या. दोघी सोबत बसल्या तर घरातला विरोध अर्धा संपतो. आणि लाडकी बहीण योजना २०२४ मध्ये आल्यापासून एक फरक दिसून राहिला, पैसे बाईच्या खात्यात येतात, त्यामुळं पासबुकात काय लिहिलंय, किती काढले, किती उरले हे वाचायला तिला स्वतःलाच यावं असं वाटतं. त्या दीड हजारासाठी किती जणी पहिल्यांदा एकट्या बँकेत गेल्या. पैसे काढायची स्लिप आम्ही वर्गात भरायला शिकवतो, आणि ती स्वतः भरून आलेली बाई दुसऱ्या दिवशी वर्गात जशी बसते ते बघायला या कधी तरी.

मोबाईलच सगळं बोलून दाखवतो, मग वाचायचं कशाला?

बोलून शोधता येतं, व्हिडिओ बघता येतात, चांगलंच आहे, वापरा. पण फसवणारा मेसेज पण मोबाईलवरच येतो. केवायसी करा नाही तर खातं बंद, ही लिंक दाबा, ओटीपी सांगा. वाचता न येणारा माणूस मोबाईल दुसऱ्याच्या हातात देतो आणि म्हणतो बघ रे बाळा काय आहे, आणि तो बाळ प्रत्येक वेळी भला असेलच असं नाही. औषधाच्या पाकिटावरची तारीख मोबाईल आपणहून वाचून दाखवत नाही. आणि पोराचं प्रगतीपुस्तक पोरानंच वाचून दाखवलं तर तो काय वाचेल ते सांगायला नको.

मला शिकवायचंय, पण बीएड नाही.

गरज नाही. आठवीच्या पुढचे विद्यार्थी पण उल्लासमध्ये स्वयंसेवक होऊ शकतात. कॉलेजची पोरं, रिटायर झालेले, घरी असलेल्या ताया, सगळे चालतात. पण काही गोष्टी पाळाव्याच लागतील आणि यात आम्ही ऐकत नाही. शिकणाऱ्याला 'तुम्ही' म्हणायचं, काकू, मावशी, भाऊ म्हणायचं, तो तुमच्या घरी काम करत असला तरी. अडाणी हा शब्द वर्गात चालणार नाही. चुकलं तर सगळ्यांसमोर फळ्यावर बोलवायचं नाही, शेजारी बसून दाखवायचं. फोटो काढून टाकायचे नाहीत, वाढदिवसाला वह्या वाटून फोटो काढणारे खूप येतात आणि परत दिसत नाहीत, ज्यांचा फोटो गेला त्या बाईला मात्र वस्तीत चार लोक विचारतात की तुला वाचता येत नव्हतं का.

आठवड्यातून दोनच दिवस या, पण पक्के या. तुम्ही न सांगता दोनदा आला नाहीत तर शिकणारा समजतो की माझ्यामुळं कंटाळला.

शिकून परत विसरतात म्हणे?

विसरतात, आणि हीच खरी काळजी आहे. या कामाचा इतिहासच तसा आहे. १८५५ मध्ये जोतिबा-सावित्रीबाईंनी पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली, १९५९ मध्ये साताऱ्यात ग्राम शिक्षण मोहीम झाली, १९७८ ला राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम आला, १९८८ ला राष्ट्रीय साक्षरता मिशन, २००९ ला साक्षर भारत. प्रत्येक वेळी लाखो लोक शिकले, आणि मोहीम थांबली की ज्यांच्या हातात वाचायला काही उरलं नाही त्यांचं अक्षर पुसट होत गेलं. आता उल्लास २०२७ पर्यंत आहे, पुढं काय होईल ते होईल, पण वर्ग संपल्यावर माणसाकडं वाचायला काही तरी पाहिजे हे तर आपल्या हातात आहे. म्हणून आमच्याकडं प्रमाणपत्रानंतर पण शनिवारचा वर्ग चालू असतो, फक्त वाचायचा. पेपरची मोठी हेडिंग, लग्नपत्रिका, विजेचं बिल, मोठ्या अक्षरातली छोटी पुस्तकं. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लागतात तिथं सगळे मिळून जातो, ज्यानं त्यानं स्वतः नाव वाचून स्वतःच्या पैशानं एक पुस्तिका घ्यायची. पातळ असली तरी चालेल, बाबासाहेबांचं नाव स्वतः वाचून घेतलेली पुस्तिका कोणी रद्दीत टाकत नाही.

तुमच्या घरी मोठ्या अक्षरातली पुस्तकं पडून असतील तर द्या. जाड कादंबऱ्या नको.

उन्हाळ्यात वर्ग बंद असतो का?

नाही, वेळ बदलते. मे महिन्यात पत्र्याच्या हॉलमध्ये रात्री पण बसवत नाही, म्हणून नऊ वाजता गच्चीवर बसतो, लाईट लावून. १४ एप्रिल, पोळा, मारबत, दिवाळीचे चार दिवस सुट्टी. पावसात गच्ची नाही, हॉलच. लहान लेकरू असेल तर सोबत आणा, त्यांच्यासाठी बाजूला रंग आणि कागद ठेवलेले असतात, एक ताई लक्ष ठेवते. पाण्याची बाटली तेवढी आपली आपली.